चकव्याची कानटोपी

गुरुजींनी आंब्याचं कार्ड टेबलावरून खाली ढकललं, डाव्या हाताने काठी उचलली आणि ते दाराकडे चालू लागले.

चूक माझी होती. मी स्पीच थेरपिस्ट आहे. घोडेगावातल्या एका छोट्या सेंटरमध्ये आठवड्यातून दोन दिवस येते. आजारपणात ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलायला मदत करणं हे माझं काम. त्यासाठी चित्रांची कार्डं असतात. आंबा, गाय, पेन. पेशंटने नाव सांगायचं. समोरचे पेशंट होते महाळुंगे पडवळचे, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. "हे काय आहे?" असं विचारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनाच मी ते विचारत होते. तेही लाडीगोडीच्या आवाजात. मलासुद्धा राग आला असता.

लकव्यात गुरुजींचा उजवा हात गेला आणि भाषा गेली. याला आम्ही अफेजिया म्हणतो. बुद्धी शाबूत असते, पण शब्द वेळेला हाताशी येत नाहीत. एकोणतिसाचा पाढा ते घडाघडा म्हणायचे, कारण पाठ केलेलं वेगळ्या वाटेने बाहेर येतं. पण चहा मागता यायचा नाही. त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, 'हो' आणि 'नाय'. तेही भरवशाचे नव्हते. एक म्हणायला जावं आणि दुसरा निघावा, असं चाललं होतं.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. त्यांच्या पत्नीला, काकूंना, ते किरकोळ नव्हतं.

"गोळी घेतली का इचारलं, तर नाय म्हनले," काकू सांगत होत्या. "म्हनून म्या दिली. आदीच घेतली व्हती त्यांनी. प्रेशर असं उतरलं, का दवाखान्यात न्यावं लागलं. मॅडम, मी आता कशावर इस्वास ठिवू?"

त्यातच सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं.

"सहा आठवडे बघा," सर म्हणाले. "फरक नसेल तर त्यांची वेळ दुसऱ्या पेशंटला देऊ. वेटिंग लिस्ट मोठी आहे."

लिस्ट खरंच मोठी होती, त्यामुळे भांडताही येईना.

पुण्यात मी सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर एक खेळ खेळते. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. राक्षसाची गुहा, शापित पूल, असला सगळा मामला. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि काही चुकलं तर ते पात्राचं चुकतं, आपलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो फासा घोडेगावला आणला.

सरांनी तो बोटांत फिरवून पाहिला. "रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

"ग्रुप थेरपी."

"ठीक आहे," ते म्हणाले. आवाजात ठीक काही नव्हतं.

गुरुजींबरोबर आणखी दोघांना घेतलं. जुन्नरचे रशीदचाचा, चपलांचं दुकान चालवायचे, आता शब्द अडखळत येतात. आणि राजुरीच्या हौसाबाई. त्या बोलतात भरपूर, पण वस्तूंची नावं आठवत नाहीत. चाचा योद्धा झाले, हौसाबाई जादूगारीण. गुरुजींपुढे मी तीन चित्रं ठेवली, राजा, साधू आणि चकवा. रानात माणसाची वाट चुकवून त्याला गोल गोल फिरवतो, तो चकवा. गुरुजी राजा घेणार, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी चकव्यावर बोट ठेवलं.

पहिल्याच डावात चकवा गुहेत डोकावून आला.

"आ... आत राक्षस हाये का, गुरुजी?" चाचांनी विचारलं.

"नाय."

चाचा तलवार घेऊन घुसले. राक्षस आतच होता. चाचांची ढाल गेली. मी वहीत लिहिलं, 'पुन्हा उलट उत्तर'. मग मान वर केली, तर गुरुजी तोंडावर हात धरून हसत होते.

आता पंचाईत अशी, की हे चुकून झालं की मुद्दाम, ते कळेना. दुसऱ्या बैठकीत हौसाबाईंचाही असाच घात झाला आणि त्या भडकल्या. चाचांच्या डोक्यावरची कानटोपी त्यांनी ओढली आणि गुरुजींसमोर टाकली.

"ही घातली का खोटं, काढली का खरं! आमाला टोपी दिसन. राक्षसाला काय ठावं?"

गोष्ट सांगणारी मी, म्हणून राक्षसही मीच. तेव्हापासून गुरुजी टोपी घालून मला गंडवायचे आणि टोपी काढून सोबत्यांना खरं सांगायचे. अधूनमधून चुकायचे. चुकले की स्वतःच मान हलवून पुन्हा सांगायचे. टोपी त्यांच्याच खिशात राहू लागली.

सहा आठवडे संपले. सरांना माझी वही नको होती, ठरलेली टेस्ट हवी होती. हो किंवा नाही असे दहा प्रश्न. ते स्वतः विचारायला बसले.

"आपण आत्ता घोडेगावात आहोत का?"

"नाय."

"दगड पाण्यावर तरंगतो का?"

"हो."

एकामागून एक उत्तर चुकत गेलं.

"दहापैकी शून्य," सर कागद ठेवत म्हणाले. "मागच्या वेळी निदान पाच तरी होते."

तेव्हा कुठे माझं लक्ष वर गेलं. गुरुजींच्या डोक्यावर कानटोपी होती. थंडीचे दिवस, कुणाला त्यात काय वाटणार?

"सर, पाच वाईट होते," मी म्हणाले. "डोळे मिटून उत्तरं दिली तरी निम्मी बरोबर येतात. दहाच्या दहा चुकवायची तर दहाही माहीत असावी लागतात."

"किंवा हो-नाहीची सरळ अदलाबदल झालीय. तसेही पेशंट असतात."

मुद्दा बरोबर होता. मी गुरुजींना टोपी काढायला सांगितलं. "सर, आता पुन्हा विचारा."

नऊ उत्तरं बरोबर आली. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एकेक उत्तर ताडून पाहिलं. "म्हणजे मला गंडवत होते?"

"हो," गुरुजी म्हणाले. टोपी मांडीवर होती.

काकूंना आत बोलावून टोपीचा नियम समजावला. त्या गुरुजींसमोर बसल्या. मला वाटलं, गोळीचं विचारतील.

"साऱ्या दुखण्यात मी लई कटकट केली. राग येतो का वो माझा?"

"नाय."

मग गुरुजींनी एका हाताने टोपी घातली, नीट कानांवर ओढली आणि काकूंकडे बघून म्हणाले, "हो."

काकूंना कळायला क्षणभर लागला. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच होता. त्या हसल्या आणि लगेच पदराने डोळे पुसू लागल्या. मलाही खिडकीकडे बघावं लागलं.

गुरुजींची वेळ कायम राहिली. आंब्याचं कार्ड मी कपाटात खाली टाकलं. टेस्टच्या फॉर्मवर 'बरोबर' आणि 'चूक' असे दोनच रकाने आहेत. 'मुद्दाम चूक' हा तिसरा मी पेनाने आखून घेते.