शशीताईची दहा मिनिटं

दुबईत पंधरा-सोळा वर्षं काढली की माणसाकडे सामान साठतं, तसे किस्सेही साठतात. सामान निघताना कार्गोत टाकता येतं. किस्से मात्र बरोबर घेऊनच विमानात बसावं लागतं. माझ्याकडचे बहुतेक किस्से एका शुक्रवारच्या बैठकीतले आहेत. ही बैठक भजनाची नव्हती आणि पत्त्यांची तर अजिबात नव्हती. नव्वदच्या दशकात मुंबईत टोळ्यांच्या गोळीबारात ज्यांची माणसं गेली, असे काही जण मनखूलमध्ये माझ्या घरी जमायचे आणि गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायचे. ऐकायला भयंकर वाटतं. पण मित्र जमले आणि ‘दुबईचं काहीतरी सांग’ म्हणाले की मला पहिलं तेच आठवतं.

*

सुरुवात शशीताईने केली. ती आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची, एका क्लिनिकमध्ये नर्स होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पहिलं वर्षभर मी तिला अहो-जाहो करायचो, मग तिनेच ते बंद करायला लावलं.

तिचा धाकटा भाऊ अनिल परळला एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. एका दुपारी तो नाक्यावर चहा प्यायला गेला आणि दोन टोळ्यांच्या गोळीबारात सापडला. ताई दिवस करून परत आली, ती पर्समध्ये पेपरचं एक कात्रण घेऊन. ‘टोळीयुद्धात दोन गुंड ठार.’ त्या दोघांत एक अनिल होता. तिने त्या पेपरला तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग एका शुक्रवारी आमच्याकडे पाच-सहा जण नाश्त्याला बसलेले असताना तिने पोह्यांची बशी खाली ठेवली.

“मला कुणी धीर देऊ नका,” ती म्हणाली. “तो कोण होता, एवढंच मला सांगायचंय. दहा मिनिटं द्या.”

आणि तिने सांगितलं. अनिलला बसस्टॉपवर कुणाचा चष्मा वाकडा दिसला की तो न विचारता त्या माणसाच्या नाकावरून काढून सरळ करून द्यायचा. एकदा त्यापायी मार खाता खाता वाचला होता. लहानपणी ताईच्या लग्नात ‘ताईला पाठवू नका’ म्हणून मांडवाच्या दारात आडवा झोपला होता. असं बरंच. नवव्या मिनिटाला ती थांबली आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, “एक मिनिट उरलंय. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.”

शेवटी इस्माईलभाई बोलले. इस्माईलभाई खेडचे, आमच्या कंपनीची स्टाफ बस चालवायचे.

“त्याला स्वतःला चष्मा होता का?”

“नाही हो,” ताई म्हणाली. “त्याची नजर एकदम साफ.” आणि ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या शुक्रवारी इस्माईलभाईंनी दहा मिनिटं मागून घेतली. त्यांच्या मामेभावाचं कपड्याचं दुकान होतं. टोळीवाल्यांना खंडणी द्यायला नाही म्हणाला, म्हणून दुकानातच मारला गेला. तीन वर्षं ते आमच्याबरोबर रोज बसमध्ये होते, आम्हाला पत्ता नव्हता.

*

मनखूलमध्ये सोफ्यावर बसून बोलण्यात अर्थ नाही, हे इस्माईलभाईंचंच म्हणणं. त्यांचा हिशेब सरळ होता. अल कूझच्या लेबर कॅम्पमध्ये कोकणातली, मुंबईतली शेकड्याने माणसं. प्रत्येकाचा एखादा धाकटा भाऊ नाहीतर पुतण्या मुंबईत चाळीच्या कठड्यावर रिकामा बसलेला. टोळीवाले उचलतात ते त्यालाच. “त्याला कोण सांगणार? तू-मी सांगून ऐकेल? त्याचा मोठा भाऊ सांगेल तर ऐकेल.”

म्हणून आम्ही कॅम्पवर गेलो. सकाळची ड्यूटी संपवून ताई तशीच बसमध्ये चढली, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. कॅम्पच्या मेस हॉलमध्ये शिरलो तर चाळीस माणसं रांगेत उभी, सगळ्यांच्या डाव्या बाह्या वर सरकवलेल्या. कुणीतरी पसरवलं होतं की इंडियन नर्स प्रेशर तपासायला येतेय.

मी म्हटलं, ताई, सांगून टाकू का खरं काय ते? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. तिने क्लिनिकमध्ये फोन करून यंत्र मागवलं, इस्माईलभाई जाऊन घेऊन आले, आणि तिने एकेकाच्या दंडाला पट्टा गुंडाळत, फुगा दाबत, अनिलची गोष्ट सांगायला सुरुवात केली. रांगेतला पुढचा ऐकायचा, मागचा पुढे सरकायचा. तपासून झालेलेही जाईनात. टोळीची गोष्ट आली तशी हॉलमध्ये फक्त फुग्याचा फसफस आवाज.

शेवटचा माणूस उठून गेला आणि पुन्हा येऊन बसला. सावंतवाडीचा सुतार होता.

“ताई, परत बघा माझं,” तो म्हणाला. “मघाशी नॉर्मल होतं. आता नसणार. माझा भाऊ असाच नाक्यावर बसतो.”

त्या दिवसापासून प्रेशरचं यंत्र आमच्या बैठकीचं सामान झालं.

*

कॅम्पच्या गेटवर गुल खान नावाचा पठाण वॉचमन होता. त्याला आमचा संशय यायचा. बाई, दोन माणसं, एक प्रेशरचं यंत्र, आणि आत चाळीस माणसं गुपचूप बसतात. कॅम्प बॉसची परवानगी होती, तरी हा दर खेपेला विचारायचा, “पार्टी का काम है क्या?” म्हणजे राजकारणाचं. मी सांगायचो, नाही, स्टोरी सांगतो. तो रजिस्टरमध्ये ‘स्टोरी’ असं लिहायचा आणि दाराशी येऊन उभा राहायचा. मराठीचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं.

चार-पाच खेपांनंतर त्याने मला बाजूला घेतलं. ही बाई सारखी हाताने पिस्तुलाची खूण करते, ते काय, असं विचारलं. मी हिंदीत सांगितलं. तो बराच वेळ गेटच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला की त्यांच्याकडे लग्नात आनंदाने हवेत गोळ्या झाडतात. त्याच्या भाचीच्या लग्नात त्यानेही झाडल्या. वर गेलेली एक गोळी खाली आली, ती गच्चीवरून वरात बघणाऱ्या शेजारच्या बाईला लागली. कुणाच्या बंदुकीची, कळलंच नाही. सात बंदुका होत्या.

मी ताईला सांगितलं. ताईने त्याला आत बोलावून खुर्ची दिली. त्याने पश्तूत सांगितलं, सगळं, हातवारे करत. आम्हाला एक शब्द कळला नाही. चाळीस माणसं जागची हलली नाहीत.

रजिस्टरमध्ये त्या दिवशी आमच्या नावापुढे त्याने लिहिलं, ‘स्टोरी’. आणि खाली स्वतःचं नाव.

*

एक छोटा किस्सा. मराठी लोकांच्या एका मंडळाने ताईला गणपतीत कार्यक्रम करायला बोलावलं. कमिटीतले एक गृहस्थ घरी आले, चहा घेतला, कौतुक केलं. मग म्हणाले, “फक्त जरा हलकंफुलकं ठेवा. फॅमिलीज असतात.”

ताई म्हणाली, “मारणाऱ्यांना सांगून बघते.”

कार्यक्रम झाला नाही. त्या गृहस्थांची बायको मात्र पुढच्या शुक्रवारी एकटी आली आणि नंतर कधी चुकली नाही.

*

माझी मुलगी मुग्धा तेव्हा सहा वर्षांची. अल नहदाला एका वाढदिवसाला गेली आणि रिटर्न गिफ्ट म्हणून प्लास्टिकची बंदूक घेऊन आली. शुक्रवारी बैठक चालू असताना ती हॉलमध्ये येऊन एकेकाला ठो-ठो करायला लागली. मी ओरडणार, तेवढ्यात ताईने मला अडवलं आणि तिला मांडीवर घेतलं.

“कुणाला मारलंस?”

“नोबडी. इट्स ओन्ली प्लास्टिक.”

“असं कसं? कोणीतरी असेलच. सांग, काय नाव त्याचं?”

मुग्धाने विचार केला. त्याचं नाव रॉनी. मग ताई एकेक विचारत गेली. रॉनी कुठे राहतो, जेवतो काय, त्याला भीती कशाची वाटते, त्याची आई त्याला काय हाक मारते. मुग्धा रंगली. रॉनी शारजात राहतो. त्याला वांगं आवडत नाही. त्याला लिफ्टची भीती वाटते, म्हणून तो सहा मजले चढून जातो. त्याच्याकडे एक कासव आहे.

“बरं,” ताई म्हणाली. “आता मार त्याला.”

मुग्धाने बंदुकीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. तिचा चेहरा रडवेला झाला.

“दॅट्स नॉट फेअर, मावशी. नाऊ आय नो हिम.”

*

विलास राणे आमच्यात आला तो रास अल खैमाहून. तिथे सिमेंटच्या फॅक्टरीत फिटर होता, गाव कणकवली. दर शुक्रवारी पहाटे शेअर टॅक्सी पकडून यायचा, दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, सगळ्यांचं ऐकायचा, कप विसळून ठेवायचा आणि जायचा. आठ महिने एक शब्द बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. तो नियमच होता.

एके दिवशी ताईचं बोलणं संपलं आणि हा उभा राहिला.

“ताई, मी इथे गप्प बसून खोटेपणा केलाय,” तो म्हणाला. “माझा भाऊ चहा प्यायला नव्हता गेला. तो पिस्तूल घेऊन गेला होता. समोरच्यांनी त्याला मारला.”

आणि तो चपला घालायला वाकला.

खरं सांगतो, मला वाटलं आता बैठक मोडली. इस्माईलभाई जमिनीकडे बघत होते. त्यांच्या मामेभावाला मारणारा असाच कुणीतरी असणार. ताईचे हात मांडीवर घट्ट.

“नाव काय त्याचं?” तिने विचारलं.

“संतोष.”

“मग बस खाली. संतोषबद्दल सांग. घड्याळ मी लावते.”

विलास बसला. त्याने सांगितलं की संतोषने पिस्तूल घरातल्या तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. आईला ते सापडलं होतं, तरी ती वरचे वरचे तांदूळ काढून रोज भात लावत राहिली. विलास इथून त्याला बूट पाठवायचा, घड्याळ पाठवायचा. “फोनवर दर वेळी विचारायचो, माप बरोबर आहे ना? दिवसभर काय करतोस, हे एकदाही विचारलं नाही.” तो पाऊण तास बोलला. ताईने घड्याळ लावलं होतं, पण त्याकडे बघितलं नाही. जुम्म्याची वेळ होत आली तरी इस्माईलभाई उठले नाहीत. विलास थांबला तेव्हा ते पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग नमाजाला गेले.

दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली, “मला ते ऐकायचं नव्हतं रे. रात्रभर डोळा लागला नाही. पण त्याला दारातून परत पाठवलं असतं, तर त्या पेपरवाल्यात आणि माझ्यात फरक काय?”

कॅम्पवर नंतर सगळ्यात जास्त चालली ती विलासचीच गोष्ट. अनिलची गोष्ट ऐकून माणसं हळहळायची. संतोषची ऐकून उठायची आणि घरी फोन लावायला रांगेत उभी राहायची. सावंतवाडीच्या सुताराने तर भावाला व्हिसा काढून इकडेच आणला. भाऊ आला आणि पहिल्या दिवशीच म्हणाला, यापेक्षा नाका बरा, निदान सावली होती. पण टिकला.

*

कॅसेटची कल्पना विलासची. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट पाठवायचा. तसंच आम्ही सगळ्यांच्या गोष्टी भरल्या. प्रत्येक कॅसेटवर गेलेल्या माणसाचं नाव, आणि एकेक प्रत माझ्या कपाटात. गावी जाणाऱ्याच्या बॅगेत दोन-चार टाकायचो. तो आपल्या चाळीत, व्यायामशाळेत लावायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी विलास रजेवर गेला. जाताना अनिलची कॅसेट घेऊन गेला. ताईने तसं काही सांगितलं नव्हतं. परळला जाऊन त्याने तो नाका शोधला, चहाच्या टपरीच्या फळीवर टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॅसेट लावली. दुपारी, त्याच वेळेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काही लोक थांबायचे, काही पुढे जायचे. दोन पोरांनी दमही दिला, हे काय लावलंय, बंद कर. विलासने आवाज वाढवला.

सहाव्या दिवशी समोरच्या गाळ्यातल्या शिंप्याने त्याला आत बोलावलं आणि कोरी कॅसेट आहे का विचारलं.

विलास परत आला त्या शुक्रवारी आम्ही सात जण होतो. त्याने ती कॅसेट ताईच्या हातात दिली. काय आहे ते त्याने आधीच सांगितलं, आणि एकटीने ऐकायची असेल तर आम्ही बाहेर थांबतो, असंही म्हणाला. ताई म्हणाली, इथे सगळ्यांसमोरच ऐकतात.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. मागे रस्त्याचे हॉर्न. तो म्हणत होता की गोळ्यांचा आवाज आला तसं त्याने शटर खाली ओढलं. लगेच बाहेरून कुणीतरी शटरवर हात मारायला लागलं. “म्हणत होता, काका, उघडा, मी अनिल. मी आवाज ओळखला. मी आतून कडी धरून बसलो. मग हात मारायचा थांबला.” मग तो पुढे म्हणाला, “पोलिसांना मी सांगितलं, मी दुकानात नव्हतो. कुणालाच सांगितलं नाही. बायकोलापण नाही.” पुढे नुसते हॉर्न.

बाजू संपेपर्यंत टेप चालू राहिली आणि खट्‌कन बंद पडली. आमच्यापैकी कुणीच ताईकडे बघत नव्हतं.

तिने कॅसेट बाहेर काढली आणि उलटी धरली. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असायच्या. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, आहे ते पुसलं जात नाही. ताईने पर्समधून पेन काढलं आणि टोकाने एक पट्टी मोडली. मग दुसरी.

“ही अनिलच्या शेजारी ठेव,” ती मला म्हणाली.