ती राख कारखान्याची नव्हती

दत्तू, ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. तू तुझ्या ताईचा विषय काढलास की मी बैलांना पाणी दाखवायला उठायचो. आता गोठ्यात बैलही नाहीत.

तळेगाव ढमढेऱ्यातून आम्ही निघालो तो दिवस तुला आठवत असेल. बाजाराची गर्दी, जीपच्या टपावर आमच्या बॅगा. तुझ्या आईनं मला बाजूला घेतलं. "जावईबापू, पोरगी पाण्यापल्याड चालली. जीव घाबरला तिचा, तर माघारी आणून सोडा. लोकांचं बघू नका." मी "व्हय" म्हणालो.

फिलिपिन्समधल्या त्या बेटावर ऊसच ऊस, अगदी दौंडकडचा वाटावा असा. मी साखर कारखान्यात पॅनमन, रस आटवून दाणा धरायचं काम. फक्त त्या उसामागं डोंगर होता आणि त्याच्या तोंडातून धूर यायचा. ताईला तो पहिल्यापासून सोसला नाही. मांडणीवरची भांडी आपोआप वाजायची. ती दचकायची, "अवो, जमिनीखाली कायतरी हाय." मी म्हणायचो, "मिलचा हादरा हाय गं." मी स्वतः मात्र रात्री भिंतीला तळहात लावून हादरा चाचपत पडायचो.

एका सकाळी राख पडायला लागली. आपल्याकडं सीझनला कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, कुणी घाबरत नाही. ताईचा फोन आला, "अंगण करडं झालंय. डोंगर फुटला का काय?" त्याच वेळी गेटवर सुपरवायझर माझ्या हातात मास्क देत होता. मी म्हणालो, "येडे, बॉयलरची राख हाय. गावाकडं पडत न्हाई व्हय?"

ती हसली. "मी बी अशी भित्री, बघा." आणि फोनवरच मला केरसुणीचा आवाज यायला लागला.

खरं सांगितलं असतं तर तिला माघारी आणावं लागलं असतं. कॉन्ट्रॅक्ट अर्धंच झालं होतं. पळून आला, असं गावानं म्हटलेलं मला नको होतं.

राख पडतच राहिली, काचेच्या भुग्यासारखी. ती रोज छपराचा पत्रा झाडायची, अंगण झाडायची. शेजारणी तोंडाला फडकी बांधायच्या. मी सांगायचो, "ह्या बाया नाजूक." डोंगर लाल दिसला की म्हणायचो, ऊस पेटवलाय. माझा मास्क मी घरी येताना लॉकरमध्ये ठेवायचो, तिला दिसू नये म्हणून.

गावी आलो ते तिचा खोकला घेऊनच. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "चुलीवर स्वयंपाक करायच्या का?" ती बोलायच्या आधी मीच म्हणालो, "व्हय, माहेरी, लहानपणापासून." हे कळल्यावर तू घरातली चूल फोडलीस. तुझी आई मरेपर्यंत म्हणत होती, "माझ्याच चुलीनं खाल्लं पोरीला." मी शेजारी बसून ऐकत होतो.

चुलीनं नाही, दत्तू.

रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली तरी माझी खाट हादरते आणि तळहात भिंतीकडं जातो. जिथं भीती वाटणार नाही ते घर, असं मी समजायचो. तसं घर आता मला कुठंच नाही, ना तिकडं, ना इथं.

शेवटी दवाखान्यात ताईनं तोंडावरची नळी बाजूला सारली. म्हणाली, "अवो, तुमच्यामुळं समुद्र बघितला मी."

'माझं चुकलं' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

तिनं मान डोलावली. मी चमचा भरला.