रुमालाखाली ठरलेला टब

आमच्या शेजारचे भाऊसो जनावरांच्या बाजारात दलाली करत. दलाल म्हटलं की जो मोठमोठ्यानं बोलणारा, पान खाऊन पिचकाऱ्या मारणारा माणूस लोकांच्या डोळ्यांपुढं येतो, तसे ते मुळीच नव्हते. हळू बोलत. म्हशीच्या पाठीवर हात ठेवायच्या आधी तिला आपला हात हुंगू देत. तासगावच्या आसपास कुणाला बैल, गाय घ्यायची असली की तो आधी भाऊसोंच्या दारात येई, कारण त्यांनी "रास्त हाय" म्हटलं की त्या किमतीबद्दल पुन्हा कुणी शंका काढत नसे. हे दोन शब्द हीच त्यांची खरी कमाई होती. बाकी द्राक्षाची थोडी बाग आणि बेदाण्याची एक शेड, एवढंच.

त्यांचा जोडीदार मल्हार. तीस वर्षं दोघांनी बरोबर बाजार केला. भाऊसो घेणाऱ्याच्या बाजूनं उभे राहत, मल्हार विकणाऱ्याच्या बाजूनं. मग दोघं मध्ये येत, हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून किंमत ठरवत. तोंडानं आकडा काढायचा नाही, ही जुनी रीत. घेणाऱ्याचे पैसे भाऊसोंच्या हातातून मल्हारच्या हातात जात आणि मल्हार ते विकणाऱ्याला देई. दलाली दोघांत निम्मी निम्मी. हल्ली पोरं मोबाईलवरून पैसे पाठवतात, पण या दोघांना विचारायला येणारी माणसंही जुन्याच वळणाची होती.

त्या बाजारात आणखी एक रीत आहे. दलालानं स्वतःच्या घरचा सौदा स्वतः करायचा नाही. भाऊसो मला, शाळामास्तराला, कारण सांगायचे, "गरज तोंडावर दिसती, गुरुजी. दुसऱ्याची गरज मला झाकता येती, माझी न्हाई येत." म्हणून त्यांच्या दावणीसाठी जनावरं मल्हारनं ठरवून दिली, मल्हारच्या दावणीसाठी भाऊसोंनी. मल्हारनं हातावर दाब देऊन सांगितलेला आकडा भाऊसोंनी कधी उलटून विचारला नाही.

भाऊसोंच्या पत्नी बनाबाई. शेडमध्ये बसून बेदाणा निवडता निवडता त्यांचे गुडघे कामातून गेले. उठताना आधी भिंत, मग खुंटी, मग भाऊसोंचा खांदा, असं त्या उठत. मिरजेच्या डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं, पण न्हाणीतल्या बादलीत बसणार कशा? दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलीचं लग्न वाईजवळच्या एका रिसॉर्टवर झालं. तिथं मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब होता, चार माणसं बसतील एवढा, आतून पाण्याच्या धारा सुटणारा. लेकीसुनांनी हट्टानं बनाबाईंना साडीसकट त्यात बसवलं. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या आणि कशालाही न धरता पायऱ्या उतरल्या. उतरल्यावर त्यांच्याच ते लक्षात आलं आणि त्या मागं वळून पायऱ्यांकडं बघत राहिल्या. भाऊसो हे मला बऱ्याच वेळा सांगत.

या वर्षी कळलं की तो रिसॉर्ट बंद होतोय आणि मालक सामान विकतोय. भाऊसोंनी त्या दिवशी जेवणसुद्धा नीट केलं नाही. संध्याकाळी मल्हार आला, त्याच्यापुढं विषय काढला आणि टबाचा सौदा त्यानं करायचा, असं ठरलं. टबावरची इंग्रजी पाटी वाचायला मी बरोबर जायचं होतं.

रिसॉर्टचे मालक सुमंत म्हणून वाईचेच गृहस्थ, पन्नाशीचे, बोलायला नम्र. धंदा बसल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण आम्हाला त्यांनी आधी चहा दिला. टबाचे एक लाख साठ हजार फोनवर सांगितलेलेच होते. मी पाटीवरचा विजेचा दाब वगैरे वाचून दाखवला. भाऊसो टबाभोवती फिरले, खाली वाकले, कड दाबून पाहिली, बोटानं ठोकून आवाज ऐकला आणि मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ उभे राहिले.

"दात बघतोस व्हय रं?" मल्हार म्हणाला. "आन वेतं किती झाली ती बी इचार मालकास्नी."

सुमंतही हसले. मग रीतीप्रमाणे भाऊसो लांब, फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि मल्हार सुमंतांना घेऊन व्हरांड्यात गेला. मी अधेमधे. बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा मल्हार वाकला, स्वतःचे गुडघे दोन्ही हातांनी धरले आणि कण्हत उठल्यासारखं करून दाखवलं. सुमंतांनी मान खाली घातली आणि थोड्या वेळानं होकार दिला.

मल्हार फाटकापाशी आला. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. भाऊसोंनी डोळे मिटले, बोटं मोजली, मान हलवली. पिशवीतले पैसे त्यांनी मल्हारकडं दिले आणि मल्हार व्हरांड्यात गेला. समोर विकणारा माणूस उभा असताना पैसे तिसऱ्याच्या हातानं का द्यायचे, हे मला कळलं नाही, पण भाऊसोंना त्यात विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं. येताना गाडीत ते म्हणाले, एक लाख वीस. आणि म्हणाले, "रास्त हाय."

टब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला. शेडच्या बाजूला काँक्रीटचा ओटा केला, वर पत्रा टाकला, बाजूनं शेडनेट लावली. गावात हा हा म्हणता बातमी पसरली. गुऱ्हाळवाले बघायला आले आणि म्हणाले, "काय भाऊसो, वैनींना काहिलीत घालून गूळ करतायसा काय?" बनाबाई आतून म्हणाल्या, "या की, खाली चिपाडाचा जाळ लावायला तुमीबी या." वीज पुरायची नाही म्हणून भाऊसो सौरबंबाचं गरम पाणी पाईपनं सोडत आणि मग टब चालू करत. संध्याकाळी बनाबाई त्यात बसत, भाऊसो बाहेर खुर्ची टाकून बसत, आणि शेडनेटच्या आतबाहेर त्यांच्या गप्पा चालत. महिनाभरात बनाबाई खुंटी विसरल्या. मल्हारभावजींना पुरणपोळीचं जेवण करायचं, असं त्या मला दोन वेळा म्हणाल्या.

मग एक दिवस सुमंत आले. सांगलीला बहिणीकडं निघाले होते, टबाचं जाड झाकण त्यांच्याकडं राहिलं होतं, ते द्यायला वाट वाकडी करून आले. बनाबाई पाण्यात होत्या, भाऊसो आणि मी बाहेर. सुमंत बाहेर खुर्चीवर बसले आणि आतल्या आवाजाला विचारलं, "मावशी, पाय कसे आहेत?"

"लय बरं हाय बघा. देवासारखं भेटलासा."

"मग ऐंशी हजारात दिल्याचं समाधान आहे," सुमंत म्हणाले. "खरं सांगायचं तर पुण्याचा एक जण लाखाला नेत होता. पण तुमच्या त्या माणसानं तुमच्या गुडघ्यांचं इतकं सांगितलं, माझ्या आईचेच आठवले."

शेडनेटच्या आत पाण्याचा आवाज थांबला. बनाबाईंनी यंत्र बंद केलं होतं. भाऊसोंनी सुमंतांना पुन्हा आकडा विचारला नाही. ज्यानं जन्मभर आकडे कानानं नव्हे, बोटांनी ऐकले, त्याला हा एकदा ऐकलेलाच पुरला. त्यांनी सुमंतांना बेदाण्याची पिशवी दिली, गाडीपर्यंत सोडायला गेले. परत येऊन खुर्चीवर बसले.

"भावजींचा काय घोटाळा झाला आसंल," बनाबाई आतून म्हणाल्या.

"आसंल," भाऊसो म्हणाले.

पुढच्या बाजारी मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाले नाहीत. मल्हार नेहमीच्या लिंबाखाली एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. भाऊसो ते बोलणं संपेपर्यंत थांबले. मग आवाज न चढवता म्हणाले, सुमंत घरी आले होते.

मल्हार दचकला नाही, हेच मला आधी खटकलं. त्यानं तंबाखू मळली, अर्धी भाऊसोंपुढं केली. भाऊसोंनी घेतली नाही.

"चाळीस," भाऊसो म्हणाले. "माझ्या घरातनं."

"मेहनत न्हाई केली व्हय? एक साठाचं ऐंशीवर आणलं. तू आणलं असतंस?"

"मागायचं हुतंस. दिलं असतं."

"मागून कवा कोण देतंय गड्या?" मल्हार हसला, पण ते हसणं गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं असतं तसलं होतं. "आन आजच बरं तुला टोचलं. तुला काय वाटलं, तीस वरसं माझं घर निम्म्या दलालीवर चाललं?"

भाऊसोंना ते लगेच समजलं नाही. मला आधी समजलं, कारण मी बाहेरचा होतो. घेणाऱ्याकडून ठरलेला आकडा भाऊसोंच्या बोटांतून मल्हारकडं जाई, आणि विकणाऱ्यापर्यंत पोचताना तो लहान होई. विकणाऱ्याला घेणाऱ्याचा आकडा कधी कळत नसे, घेणाऱ्याला विकणाऱ्याचा. मध्ये फक्त रुमाल. आणि वर भाऊसोंचं "रास्त हाय."

"म्हंजी सगळ्यांचं?" भाऊसोंनी विचारलं.

"सगळ्यांचं न्हाई. जमंल त्यांचं." मल्हार जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं न्हसतंस."

जणू यात त्यानं भाऊसोंची काळजीच घेतली होती. भाऊसो वळले आणि स्टँडकडं चालू लागले. परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि त्या हाताकडं बघत होते.

त्या संध्याकाळी बनाबाई टबात बसल्या नाहीत. भाऊसोंनी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजवर किती जणांस्नी आपुन सांगितलं, रास्त हाय म्हणून."

दोन दिवसांनी भाऊसो माझ्याकडं आले. जतला जायचंय, म्हणाले. तिकडच्या एका वस्तीवर पारूबाई म्हणून बाई राहतात, मेंढरं सांभाळतात. मुलगा फौजेत गेला, जोडी हाकायला कुणी उरलं नाही, म्हणून मागल्या साली त्यांनी खिलार बैलांची जोडी विकायला काढली होती. घेणाऱ्यानं एक लाख दहा हजार दिलेले भाऊसोंच्या पक्के ध्यानात होते. पारूबाई बाजारातून जाताना भाऊसोंच्या पाया पडल्या होत्या, तेही.

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेला होता, पारूबाई भरलेली पिंपं झाकत होत्या. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. आवं, वाट कशी चुकलासा, म्हणाल्या, पोत्यावर बसवलं, चहा ठेवला. भाऊसोंनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग विचारलं, जोडीचं तवा किती आलं हातात?

"नव्वद की. तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमचा सौदा म्हणून मी मोजलंबी न्हाई."

भाऊसोंनी पिशवीतून पैसे काढले. म्हणाले, "पारूबाई, जोडीचं एक लाख दहा आलं हुतं. ईस तुमच्यापातूर पोचलं न्हाईत. ती घ्या."

बाईंनी पैसे बघितले, भाऊसोंना बघितलं. चुलीवरचा चहा उतू जाऊ लागला तो त्यांनी उतरवला. मग शांतपणे विचारलं, "कुणी ठिवलं हुतं?"

"मल्हारनं."

"आन तुमाला ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"सौदा तुमच्या हातावर झाला न्हवं? मी तिथंच उभी हुते." त्या थांबल्या. रागावलेल्या नव्हत्या, समजून घेत होत्या. "तुमी दोघांनी मिळून ठिवलं. आता तुमचं बिनसलं, म्हणून तुमी आलासा. व्हय का न्हाई?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. सांगितलं की यांना खरंच माहीत नव्हतं, यांचीच फसवणूक झाली. पारूबाईंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्येनं घेतलं न्हाई त्यो परत कशापायी करील, गुरुजी?"

भाऊसोंनी पैसे त्यांच्यापुढं ठेवले.

चहा बाईंनी दिला. आम्ही तो प्यालो आणि उठलो. मग पारूबाई उंबऱ्यावर बसल्या, नोटा मांडीवर घेतल्या आणि अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट मोजू लागल्या. भाऊसो हातातली रिकामी कपबशी खाली ठेवायचं विसरून, मोजणी पुरी होईपर्यंत तिथंच उभे राहिले.