नानांचा शब्द

खिचडीच्या ढिगाला मधोमध बोटांनी आळं करायचं आणि हात थांबवून बसायचं, ही नानांची जेवणाची सुरुवात. मग त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाचं भांडं घेऊन यायच्या. आळं भरून तेल काठावरून ओघळेपर्यंत धार चालायची. आमच्या खानदेशात माणसावरची माया या धारेत दिसते. अक्कांचा हात आखडला, तर नाना म्हणायचे, "काय वं, तेल शे का दवाई?"

धरणगावात आमच्या घरांची भिंत एक. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो; नाना जिनिंगमध्ये कापसाची पारख करायचे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे, तुटलेले तंतू काळ्या टोपीवर ठेवून डोळे बारीक करायचे आणि प्रत सांगायचे. त्यावर ना शेतकरी वाद घालायचा, ना मारवाडी शेठ. एकदा शेठजींनी प्रत जरा उतरवून सांगायला सुचवलं होतं. नाना म्हणाले, "कापूस बोलस शेठ, मी नुसता ऐकस." शेठजींनी पुन्हा कधी सुचवलं नाही.

सत्तर सालाच्या आसपास नानांना मधुमेह निघाला. गावातल्या डॉक्टरांनी गोळी दिली, साखर-गूळ बंद केला, भात कमी करायला सांगितला. अक्कांनी मला विचारलं, "मास्तर, तेल-तूप तर चालेल ना?" मी हसून म्हणालो, खुशाल चालू द्या, त्यात साखर कुठे असते? विज्ञानाचा मास्तर म्हणाला म्हटल्यावर अक्कांना धीर आला. माणसाचं गोडाचं सुख गेलं, त्याची भरपाई त्या करू लागल्या. बट्ट्या तुपात बुडू लागल्या, भरतावरचं तेल दुप्पट झालं. नाना मात्र चहाही बिनसाखरेचा पिऊ लागले. पोळ्याला पुरणपोळीचं ताट समोर आलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलेलं मी पाहिलं आहे.

रविवारी मी शाळेतल्या निळ्या द्रावणात त्यांची लघवी तापवून बघायचो. साखर नसली तर नळी निळी राहते; असली तर हिरवी, पिवळी आणि शेवटी विटेसारखी लाल होते. नानांची नळी लालच व्हायची. काही खाल्लंत का, असं मी विचारायचो. ते नाही म्हणायचे. एका रविवारी माझा धीर सुटला. वर्गातल्या आवाजात मी म्हणालो, "नाना, नळी खोटं बोलत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मंग मी बोलस का?"

मी लाल नळी त्यांच्यापुढे धरली. दारात अक्का उभ्या होत्या. त्या दिवसापासून गुळाच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली अक्कांच्या कमरेला. गोष्ट गल्लीत पसरली. लग्नाच्या पंगतीत पोरं नानांना खिसे दाखवायला सांगायची. आधी तेही हसायचे, पुढे त्यांनी पंगतीला जाणंच सोडलं. जिनिंगमध्ये एक शेतकरी त्यांच्या प्रतीवर पहिल्यांदा कुरकुरला, तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि घरी निघून आले.

तिसऱ्या वर्षी पायाला खिळा लागला. जखम चिघळली, काळी पडली. धुळ्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला गोडाचं विचारलंच नाही. तेल-तूप किती खातात, ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अशा रोग्यांत चरबी फार झाली की अंगातलं इन्सुलिन असून नसल्यासारखं होतं. गोड अजिबात न खाताही साखर चढलेली राहू शकते.

संध्याकाळी खाटेजवळ बसून मी नानांना ते सगळं सांगितलं. माफीही मागितली. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे मी चोर नव्हतू," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "तिले सांगी दे, मास्तर."

मी उठलो. तेवढ्यात अक्काच डबा घेऊन आल्या. त्यांनी झाकण उघडलं. तुपात भिजलेल्या बट्ट्या होत्या. नानांनी डब्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

काय बोलत होतात, असं अक्कांनी विचारलं.

"काही नही," नाना म्हणाले. "मास्तर सांगस, मी गोड चोरीसन खादं नसतं, तर पाय वाचता."

जेवायला नको म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आठवड्याभरात ते गेले.

पुढे कुणी भेटायला आलं की अक्का सांगायच्या, सोन्यासारखा माणूस, पण जिभेनं घात केला. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "मास्तर, तुम्हीच तर पकडलं होतं ना त्यांना?"

अक्का गेल्या पौषात गेल्या. तोवर दर वेळी मी हो म्हणालो.