वहिनींना मी नको म्हणाले

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटतेय.

माझा उजवा खुबा बदललाय. खालापूरजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवली, पायी हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर मोरीपर्यंत जायलाही भिंत धरायची वेळ आली. मुलगा मोहोपाड्याला कंपनीत आहे. त्यानेच पनवेलला नेऊन ऑपरेशन करून आणलं. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. वॉकर, दोन पायांत उशी, मांडी घालायची नाही. तेव्हा माझं कुणी केलं? वहिनींनी. माझ्या मोठ्या जाऊबाई, शेजारच्याच दारात राहतात. त्यांचाही खुबा दुखत होता, तरी रोज लंगडत यायच्या, मला अंघोळ घालायच्या, वेणी घालायच्या.

हे आधी सांगून टाकलं. नाहीतर पुढे गाळलं असतं.

वहिनी म्हणजे सगळ्यांच्या पुढे. लावणीला उतरल्या की त्या पार पलीकडे पोचायच्या, आम्ही मागे चिखलात. कधी टोचून बोलल्या नाहीत. सासूबाई मात्र मला म्हणायच्या, मोठीसारखं चाल जरा. लग्न होऊन आल्यापासून मी वहिनींची पाठच बघत आले. लागायचं मनाला? लागायचं — पण इतकं, हे मलाच माहीत नव्हतं.

मग मी चालू लागले. अंगणात, रस्त्यापर्यंत, बाजारात. दुखणं गेलं — म्हणजे अगदी गेलं. थंडीत बचत गटाच्या बायका कोंडाण्याची लेणी बघायला निघाल्या. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. काठी टेकत, थांबत थांबत मी वर पोचले. वहिनी अर्ध्या वाटेत दगडावर बसून राहिल्या. बायका माझं कौतुक करत होत्या आणि मी वळून खाली बघितलं. वहिनी लहानशा दिसत होत्या. मला बरं वाटलं.

हो, बरं वाटलं.

परत येताना टेंपोत त्या माझ्याशेजारी होत्या. त्यांच्या मुलाने डॉक्टर ठरवला होता, पण त्यांचं मन होत नव्हतं. हळूच म्हणाल्या, "खरं सांग गं. तू सांगशील तसं करीन. करू का मी पन?"

'करा' म्हणायला काय लागत होतं?

"नका करू, वयनी," मी म्हणाले. "लोकांना मी चालताना दिसते. आत रोज ठणकतं, कुनाला सांगत नाय येवढंच."

भीतीने बोलले का? नाही. त्यांच्या काळजीने? तेही नाही. मला अजून थोडे दिवस पुढे चालायचं होतं.

थोडेच दिवस — मग खरं सांगू, असं मनात होतं. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनला नकार दिला. त्यांचा मुलगा मला विचारायला आला, तर त्यालाही मी तेच सांगितलं. एकदा बोललेलं फिरवायचं कसं? पुढच्या पावसाळ्यानंतर वहिनी अंगणात पडल्या. दवाखान्यात तपासण्या झाल्या, तेव्हा हृदय अशक्त झाल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, आता भूल देता येणार नाही. आधी आला असतात तर जमलं असतं. मी तिथेच उभी होते. धडधाकट.

आता वहिनी पडवीत खाटेवर असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हिनं येळेवर सावध केलं, नायतर मी पन फसले असते. मी रोज त्यांच्या पायाला तेल लावते. बायका म्हणतात, जावा असाव्यात तर अशा. मी ऐकून घेते.

काल तेल लावून झालं आणि मी उठून उभी राहिले. वहिनींनी हातांवर जोर देऊन अंग कसंबसं सरकवलं आणि खाटेवर माझ्यापुरती जागा केली. त्यांना किती दुखलं ते चेहऱ्यावर दिसलं.

"बस जरा," म्हणाल्या. "तुजा पाय दुखत आसंल."

माझा पाय दुखत नव्हता. मी बसले.