रूथमावशींचं काम कुणी करायचं

ईस्टरनंतरचा तिसरा रविवार. उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत हजर: पाळकसाहेब, मंडळीचा कारभार पाहणारे दोन पंच, महिला मंडळाच्या अध्यक्ष थोरातबाई आणि चिटणीस म्हणून मी. विषय: नुकत्याच प्रभूकडे गेलेल्या रूथमावशींचं स्मारक. ठराव एकमताने मंजूर: संगमरवरी पाटी, मजकूर ‘नम्र सेविका’. ‘एकमताने’ असं मी लिहिलं खरं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. ते इथे देते.

रूथमावशी आमच्या मंडळीतल्या मेलेल्या बायकांना अंघोळ घालायच्या. शवपेटीत ठेवण्याआधी अंग धुवायचं, केस विंचरायचे, पांढरी साडी नेसवायची. हे काम आमच्यात मंडळीतल्या बायका करतात असं म्हणतात. म्हणजे मावशी करायच्या. बाकीच्या बाहेर बसून गीतं गायच्या. स्वारगेटच्या मागे राहायच्या त्या. निरोप आला की हातातली भाकरी ठेवून, पिशवीत दोन टॉवेल टाकून निघायच्या. अलीकडे दुसरे हात म्हणून मी सोबत जात असे. त्या मेलेल्या बाईशी बोलायच्या. “मेरीताई, कूस बदलते हं. पाणी कोमट आहे.” मला एकदा हसू आलं, तर म्हणाल्या, “अगं, गार लागलं तर ती आता कुणाला सांगणार?”

आमच्याकडे ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, पाळकसाहेब गुडघ्यांवर बसून बारा पुरुषांचे पाय धुतात. पाय घरूनच धुऊन, पावडर लावून आलेले असतात. सगळ्यांचे डोळे भरून येतात. मग सगळे घरी जातात, आणि फरशी पुसायला, टॉवेल पिळायला मावशी उरतात. यंदाही त्याच होत्या. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या, दुपारच्या वेळी, खुर्चीत बसल्या बसल्या…

मी पोचले तेव्हा निम्मी मंडळी जिन्यावर उभी होती. मावशी अंगाने भरलेल्या, मला एकटीला कूस बदलता येईना. बाहेर येऊन म्हटलं, कुणीतरी आत चला. थोरातबाईंची कंबर धरली होती. एकीला बीपी. एकीने साडी नवीन असल्याचं सांगितलं. शेवटी शेजारच्या जोशी वहिनी पुढे आल्या. त्यांच्या घरी अजून सोवळं पाळतात. पदर खोचून म्हणाल्या, “अहो, कुठे धरू तेवढं सांगा.” बाहेर गीत सुरू झालं होतं. सुरात होतं.

स्मारकाच्या बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, असे नम्र लोक देव क्वचितच देतो. थोरातबाईंनी मान डोलावली. “ते मावशींचं कृपादान होतं. सगळ्यांना थोडंच जमतं?”

कृपादान म्हणे. पहिल्या वेळी मावशी मागच्या दारी जाऊन ओकल्या होत्या, मग चूळ भरून परत आत गेल्या. त्यांनीच मला सांगितलं होतं. हे मी बैठकीत सांगितलं. चहा गार होतोय, अशी आठवण एका पंचांनी करून दिली.

राग मला मावशींचाही येतो. आयुष्यात एकदा तरी त्यांनी ‘आज मला जमणार नाही’ म्हणायला हवं होतं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, म्हणून आम्हाला हो म्हणायची वेळच आली नाही. त्यांच्या नम्रतेचं आम्ही फार कौतुक केलं. त्यात कुणाचेच हात ओले होत नव्हते.

मार्केट यार्डाजवळ आमच्या लीलाबाई राहतात. वर्षभर अंथरुणावर आहेत, मागेपुढे कुणी नाही. मावशी गेल्याचं कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. आपल्या अंगाला परक्याचे हात लागू नयेत, एवढंच त्यांचं मागणं.

“माझ्या वेळी कोण गं?”

मी आहे, म्हटलं. त्यांनी धरलेला माझा हात सोडला नाही.

“आणि दुसरी?”

पुढच्या रविवारी सांगते म्हणाले. तो रविवार गेला, त्यानंतरचाही गेला. उपासना सुटल्यावर मी दाराशी उभी राहून एकेकीला विचारते आहे. लीलाबाईंना अजून दुसरं नाव सांगायचंय.