दर्यावर असलेल्यांसाठी

आमच्या घरात तेर्स दिवेलागणीला व्हायचा. तेर्स म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची जपमाळेची प्रार्थना. ती एकाने म्हणायची आणि दुसऱ्याने ऐकायची अशी नसते. एकजण प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकीचे उरलेला अर्धा म्हणून ती पुरी करतात. मी लग्न होऊन देवबागला आले तेव्हा पुरी करणारे आवाज बरेच होते. पुढे सासरे वारले, नणंद लग्न होऊन गोव्याला गेली. नवरा गलबतावर खलाशी असल्यामुळे पावसाळा सोडला तर बाहेरच असायचा. मग बहुतेक संध्याकाळी सासू आणि मी, दोघीच उरायचो. सासूला मी माय म्हणत असे.

माळ संपली की माय वेगवेगळ्या लोकांसाठी एकेक प्रार्थना घालायची. आधी आजाऱ्यांसाठी, मग दर्यावर असलेल्यांसाठी, आणि सगळ्यात शेवटी मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी. प्रत्येक वेळी ती नावे घ्यायची. दर्यावरच्यांमध्ये पहिले नाव तिच्या मुलाचे. मेलेल्यांमध्ये सासऱ्यांचे, तिच्या आईवडिलांचे, माझ्या वडिलांचे. नंतर मी वाकून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायची आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "देव बरां करूं." मग आम्ही जेवायला उठायचो.

एकोणीसशे पन्नास-साठच्या सुमाराची गोष्ट आहे. दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याचे गलबत मंगळूरहून कौले भरून निघाले. वाटेत वादळ झाले. मागून येणाऱ्या एका गलबताच्या तांडेलाने, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रमुखाने, त्यांचे शीड कारवारच्या अलीकडे शेवटचे पाहिले होते. त्यानंतर कोणीच पाहिले नाही. फळी नाही, डोलकाठी नाही, माणूस नाही. कौलांनी भरलेले गलबत बुडाले की वर काही येत नाही, असे बंदरावरचे लोक हळू आवाजात बोलत. माझ्यासमोर मात्र निराळे बोलत. एक गलबत वाहत थेट अरबस्तानाच्या किनाऱ्याला लागले होते आणि त्यावरची माणसे वर्षाने घरी आली, ही गोष्ट मी निरनिराळ्या तोंडून इतक्यांदा ऐकली की त्या माणसांचे चेहरे मला ओळखीचे वाटू लागले.

मी त्या वेळी गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझे माहेर सावंतवाडीकडचे. वडील शिक्षक, घरात पुस्तके होती, समुद्र नव्हता. लग्नाआधी मी समुद्र दोन-तीनदाच पाहिला असेल. इथे तर घराच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूची पट्टी. कुठेही पाठ केली तरी पाणी समोर यायचे. थोड्याच महिन्यांत मला मनातून ठाऊक झाले की तो गेला. कसे झाले ते सांगता येणार नाही. सकाळी चुलीवर पेज ठेवताना दोघींपुरते तांदूळ हाताला बरोबर येऊ लागले, आणि मला कळले की माझ्या हाताने मला न विचारता मानून टाकले आहे.

पण माय तशीच म्हणत होती. दर्यावर असलेल्यांसाठी, आणि पहिले नाव त्याचे. मी उरलेला अर्धा भाग म्हणायची.

आमच्यात नवरा गेला की बायको काळे कपडे घालते. मी घातले नाहीत. मी काळे नेसून मायसमोर उभी राहिले तर तिच्या मुलाला माझ्या हाताने मारल्यासारखे होईल, असे मला वाटे. म्हणून मी शाळेला नेहमीचीच रंगीत पातळे नेसून जात राहिले. बाजारात एकदा मासे विकणारी बाई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "मास्तरीण बाय, तुमचा बरां आसा. आमका असली पातळां घोव जितो आसतानाय गावणत नाय." तिच्या बाजूला बसलेली मासेवाली तिच्यावर खेकसली, "गप गो, तोंडाक काय हाड आसा तुज्या?" मी बांगडे घेतले आणि घरी आले.

कोणी आमच्याकडे समाचाराला आले नाही. येणार तरी कसे? समाचाराला माणसे येतात ती कोणी गेल्यावर. पडवीत बसतात, गेलेल्याबद्दल बोलतात, रडतात, काळा चहा पितात. आमच्याकडे कोणी गेलेच नव्हते. येता-जाता लोक कुंपणावरून विचारत, "काय कळला गो?" आणि मी "नाय" म्हटले की लवकर पुढे जात. हळूहळू विचारणेही थांबले. आमच्या घरावरून जाताना माणसे पावले उचलून चालू लागली.

मी वाचत असे. मालवणच्या वाचनालयातून आणलेली पुस्तके शाळा सुटल्यावर वाचायची, दिवा लागेपर्यंत. पुस्तकात माणसे मरत, त्यांची प्रेते असत, कोणीतरी त्यांच्यासाठी रडे, पुढचे प्रकरण सुरू होई. मला त्यांचा हेवा वाटे.

तेर्साला बसणे मला नकोसे झाले होते. दर्यावरच्यांसाठीची प्रार्थना माझ्या तोंडी खोटी होती. मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यायला शेजारी माय बसलेली. जगात त्याच्यासाठी म्हणता येईल अशी एकही प्रार्थना माझ्याजवळ उरली नव्हती. देव आहे की नाही हा प्रश्न मला त्या दिवसांत पडलाच नाही. तो असला तरी त्याच्याशी बोलायला मला जागा नव्हती.

वर्ष होत आले. नोव्हेंबरात सगळ्या मेलेल्यांचा दिवस येतो. त्या दिवशी आमचे लोक सिमितेरीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, जाऊन आपापल्या माणसांच्या मातीवर मेणबत्त्या लावतात. ज्यांची माती दुसरीकडे आहे त्यांच्यासाठी मधल्या मोठ्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायथ्याशी लावतात. मी एक मेणबत्ती जादा घेतली होती. मायने ती पाहिली.

"ही कोणाची?"

मी ती पदराखाली घेतली.

"आमचो आणखी कोण मेलो हा?" ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. माझ्या निळ्या पातळाकडे बघत होती. "तुज्या बापाशीक लाय ती."

मी वडिलांसाठी दोन मेणबत्त्या लावल्या.

त्यानंतर मी पाद्रींकडे गेले. म्हातारे होते, मूळचे गोव्याचे, दम्याने बेजार. इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, मागे कोंबड्या पाळत आणि आलेल्या माणसाशी बोलताना एक डोळा कोंबड्यांवर ठेवत. मी त्यांना सगळे सांगितले. माझ्या नवऱ्यासाठी मेलेल्यांची मिस्स, म्हणजे इगर्जेतली उपासना, म्हणाल का, असे विचारले.

"म्हणान," ते म्हणाले. "मिस्स म्हणूक माका काय त्रास? पण म्हातारी दांडो घेवन येतली माज्या पाठसून. माका आता धावूक जमणा नाय."

मला हसू आले नाही. ते थोडा वेळ धापा टाकत बसले. मग म्हणाले, "तू तेचा नाव घे, पुता. खंयच्या प्रार्थनेत घेतंस तां सोड. देवाक पत्तो सांगूचो लागणा नाय."

चांगले बोलले, पण मला त्याने बरे वाटले नाही. पत्ता मलाच हवा होता. मी घरी आले आणि मायला काही सांगितले नाही.

पुढच्या श्रावणात माय तापाने पडली. खाडीला उधाण, होड्या बंद. डॉक्टर मालवणला. शेजाऱ्यांनी कसेतरी औषध आणून दिले. शेजारची बाई कपाळावर लावायला सुंठीचा लेप देऊन गेली. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. तिच्या अंगात बारीक हाडांपलीकडे काही उरले नव्हते. मी शाळेत रजा टाकली आणि तिच्या खाटेजवळ बसून राहिले. ही गेली तर या घरात मी कोणाची कोण, असा विचार येई. बायको नाही, विधवा नाही, सून तरी कोणाची? घरात त्याला ओळखणारे माझ्याखेरीज एकच माणूस उरले होते, ते त्या खाटेवर होते, आणि आम्ही दोघी इतक्या दिवसांत त्याच्याबद्दल एकमेकींशी एक शब्द खरा बोललो नव्हतो.

एका संध्याकाळी ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "दिवो लाय. तेर्स म्हण."

"तुमी पडून ऱ्हवा, माय. आज नको."

"तू म्हण. मी जाप देतंय."

त्या घरात तेर्स पहिल्यांदाच मी सांगत होते. मी पहिला अर्धा भाग म्हणायची, खाटेवरून तिचा कापरा आवाज उरलेला म्हणायचा. कधी तो मधेच विरायचा. मी थांबायची, आणि तो पुन्हा उचलला जायचा. बाहेर समुद्राचा आवाज इतका होता की मला वाकून ऐकावे लागत होते.

माळ संपली. आजाऱ्यांसाठी मी तिचेच नाव घेतले. पुढची प्रार्थना दर्यावर असलेल्यांसाठी. मी तोंड उघडले आणि शब्द आला नाही. आजवर मी फक्त उत्तर दिले होते. सुरुवात करणे ही वेगळी गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळले. सुरुवात करणाऱ्याला नाव घ्यावे लागते.

"कित्याक थांबलंस?" माय म्हणाली.

"माज्यान म्हणवणा नाय, माय." तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायची मला सवय झाली होती.

तिने हातातली माळ छातीवर ठेवली. मला वाटले, मी तिला शेवटचा धक्का दिला. मग ती छपराकडे बघत म्हणाली, "माज्यानय म्हणवणा नाय गो. लय दीस झाले."

"मगे म्हणा होतात कित्याक?"

"तू जाप दी होतंस म्हणान." ती श्वास घ्यायला थांबली. "तू रंगीत पातळां नेसान जायस. माका वाटला, हिका आशा आसा. माज्या तोंडान कशाक मोडू? तो माजो झील. माका माज्या बापाशीच्या येळेकच कळला होता, दर्या माणूस परत देणा नाय. पण तू वाडीकडली. तुका काय म्हायत."

मी तिला सांगितले की पातळे मी तिच्यासाठी नेसत होते. तिने माझ्या पातळाचा काठ चिमटीत धरला.

"येडी आसंस," ती म्हणाली. "मी त्याहून येडी."

आम्ही रडलो. फार नाही, तिच्यात तेवढी ताकद नव्हती. मग तिने माझा हात ओढला आणि म्हणाली, "म्हण आता. तेर्स अर्धो ठेवचो नसता."

मी दर्यावरच्यांसाठीची प्रार्थना म्हटली, शेजारच्या बाईच्या मुलांची नावे घेऊन. ते दोघे त्या वेळी मुंबईहून परदेशी जाणाऱ्या बोटीवर होते. मग मेलेल्यांसाठीची. त्यात सासऱ्यांचे नाव घेतले, माझ्या वडिलांचे घेतले, आणि त्यानंतर माझ्या नवऱ्याचे घेतले. मायने उरलेला भाग म्हटला. ती प्रार्थना म्हणते की मेलेल्यांना विसावा दे आणि उजेड दे. लहानपणापासून म्हटलेली, अर्थाकडे कधी न पाहिलेली. त्या संध्याकाळी विसावा हा शब्द मला एखाद्या वस्तूसारखा जड लागला. मला काही दिसले नाही, कोणी बोलले नाही. फक्त माझा नवरा कुठेतरी ठेवला गेला, आणि ज्याच्याकडे ठेवला तो ऐकत होता, याबद्दल मला शंका वाटली नाही. आजही वाटत नाही. आधी जी आशा होती, माझी नसलेली, लोकांनी दिलेली, ती मला रोज खाडीकडे बघायला लावायची. आता आलेली ही आशा तसे काही मागत नव्हती.

मायचा ताप उतरला. औषधाने उतरला असेल. तिला मात्र कारण विचारले तर ती खुरसाकडे बोट दाखवायची आणि मी वाद घालत नसे.

पाऊस ओसरल्यावर मिस्स झाली. शरीर नसले तर आमच्यात इगर्जेच्या मधोमध रिकामी तिरडी ठेवतात आणि तिच्यावर काळे कापड घालतात. पाद्री त्या कापडाभोवती फिरून पाणी शिंपडतात, जणू माणूस आत आहे. मी काळे नेसले होते. मायचे काळे सासऱ्यांच्या वेळचे, विटलेले. बाहेर पडताना पाद्रींनी मायला विचारले, "दांडो हाडूक नाय मां?" तिला काही कळले नाही. मला हसू आले.

आणि त्या दुपारी माणसे आली. आधी शेजारची बाई, पदरात नारळ आणि तांदूळ घेऊन. पडवीत बसली आणि तिने मोठ्याने गळा काढला, जसे गेल्याच्या दिवशी काढतात तसा. मग आमच्या वस्तीतल्या बायका आल्या, मासे विकणारी आली, बंदरावरचे दोघे-तिघे म्हातारे बाहेर माडाखाली टेकले. एवढे दिवस सगळ्यांनी जे पोटात ठेवले होते ते बाहेर येऊ लागले.

"तुजो घोव," शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "गलबतार चडलो काय पयलो दीस आडवोच. ओकान ओकान हैराण. आमचे हे तेच्यावांगडा होते ना, ते सांगत. तेना शपथ घातली होती, बायलेक सांगूक नको म्हणान."

"एवढो मोठो खलाशी?" कोणीतरी म्हणाले.

"खलाशी कसलो. पयलो दीस नुसता लिंबू चोखी."

पडवीत हसू पसरले. माय तोंडाला पदर लावून हसत होती. "लहानपणापसून," ती म्हणाली. "होडयेत बसलो काय पिवळो पडी."

मला हे ठाऊक नव्हते. मी त्याच्याबद्दल काहीतरी नवे ऐकत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

दिवा लावायची वेळ झाली तरी कोणी उठले नाही. आमच्या लोकांनी माळा काढल्या. शेजारीण आणि तिच्याबरोबरच्या हिंदू बायका भिंतीला टेकून हात जोडून बसल्या. मायने मला खुणावले, तू सांग. मी आत जाऊन काडी ओढली, बाहेर येऊन बसले आणि सुरुवात केली. पडवीतून उरलेला अर्धा भाग आला, इतक्या आवाजांत की समुद्र ऐकू येईनासा झाला.